पर्थला लेकीकडे चाललोय, डिसेंबरात ब्रूम करावं का?

विजापूररोडकर

नमस्कार मंडळी. लेक-जावई पर्थला असतात. नातवाच्या ओढीने यंदा नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघं तिकडे जायचं म्हणतोय. पर्थ होईलच, पण माझ्या डोक्यात ब्रूम बसलंय, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावरचं गाव. लाल माती सरळ निळ्या पाण्यात उतरलेली, असा एक फोटो बघितला आणि मग शोधत गेलो, तर मोत्यांचं जुनं गाव, जपानी पाणबुडे, महायुद्धातला हल्ला असं एकेक निघत गेलं. जावईबापू म्हणतात, "बाबा, तिथे उंट आणि चिखल सोडून काही नाही. त्यापेक्षा सिडनी करू."

विचारायचं ते असं. डिसेंबरात गेलो तर चालेल ना? सोलापूरचा मे महिना काढलेला माणूस मी, उन्हाला भीत नाही. पर्थहून गाडीने जाता येईल का? जावयाकडे मोठी गाडी आहे आणि मला रस्त्याने जायला आवडतं. सौभाग्यवतींचे गुडघे दुखतात, फार चढउतार नको. आणि आम्ही दोघंही शाकाहारी. प्रत्यक्ष जाऊन आलेलं कोणी असेल तर सांगा. यूट्यूबवाल्यांचं सगळं बघून झालंय, सगळे उंटावरच बसलेले दिसतात.

पर्थकर_मूळ_पंढरपूर

काका, गाडीचं आधी डोक्यातून काढा. पर्थ ते ब्रूम सव्वादोन हजार किलोमीटर आहे. सोलापूर-पुणे अडीचशे धरा आणि एकाच दिशेने नऊ वेळा करा. वर त्यात भिगवणचा चहा नाही. शेवटचा टप्पा पोर्ट हेडलंड ते ब्रूम, सहाशे किलोमीटर. त्यात पार्डू आणि सँडफायर ही दोन रोडहाऊस, म्हणजे पेट्रोल, खाणं आणि मुक्काम एकाच छपराखाली. सँडफायरला टाकी भरली नाही तर पुढे जवळपास तीनशे किलोमीटर काही मिळत नाही. समोरून रोड ट्रेन येतात, एका ट्रकला तीन-चार ट्रेलर, लांबी पन्नास मीटरच्या वर. अंधार पडला की कांगारू आणि मोकाट गुरं रस्त्यावर. इथली माणसंही रात्री गाडी चालवणं टाळतात. विमानाने अडीच तास लागतात, विमानानेच जा.

डिसेंबरबद्दल माझंही मत नकोच असं आहे. 1 नोव्हेंबर ते 30 एप्रिल हा तिकडे चक्रीवादळांचा हंगाम. समुद्रात विषारी जेलीफिश असतात, त्यामुळे पाण्यात उतरायचं नाही. बऱ्याच सहली त्या काळात बंद असतात. नाताळातच फिरायचं तर दक्षिणेला ऑल्बनीला जा. पर्थहून सव्वाचारशे किलोमीटर, हवा गार, आणि इतिहासही आहे: 1826 सालची वसाहत, जुनं देवमासे मारायचं केंद्र, जे 1978 ला बंद पडलं आणि आता संग्रहालय आहे. ते गाडीने करा हौसेने.

कात्रीवाला

साहेब, मी शाळेच्या युनिफॉर्मच्या धंद्यातला. पूर्व भागात आमचं छोटं वर्कशॉप आहे. थोरला मुलगा पोर्ट हेडलंडला, लोखंडाची माती जहाजात भरायच्या बंदरावर कामाला. त्याच्याकडे गेलो तेव्हा जुलैत ब्रूम झालं. तुमच्या जावईबापूंचं म्हणणं खोटं नाही, चिखल आहेच. पण तो चिखलच बघायला जायचंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिलं डिसेंबरचं. सोलापूरचा मे तुम्ही काढलाय, मीही काढलाय, पत्र्याखाली चाळीस मशिनी चालू असताना काढलाय. पण आपलं ऊन कोरडं. सावलीत गेलं की बरं वाटतं, माठातलं पाणी गार होतं. तिकडे डिसेंबरात पारा चौतीसच्या आसपासच, पण हवेत इतकं पाणी की घाम वाळत नाही. जून ते ऑगस्ट मात्र दिवसा अठ्ठावीस-एकोणतीस, रात्री पंधराच्या खालीवर, आभाळ स्वच्छ. आपल्या हुरड्याच्या दिवसांतली हवा समजा. यावुरू हे तिथले मूळ लोक. त्यांच्या कालगणनेत वर्षाचे सहा ऋतू आहेत, आपल्यासारखेच. गोऱ्या लोकांनी त्याचे 'ओला' आणि 'कोरडा' असे दोनच करून टाकले. प्रवाशाला तेवढे पुरतात.

दुसरं, आणि खरं महत्त्वाचं. ब्रूमला तारीख ठरवायची ती सुट्टी बघून नाही, पौर्णिमा बघून. तिथली भरती-ओहोटी अफाट आहे. मुंबईत उधाणाला पावणेपाच मीटरची लाट म्हटलं की आपल्याकडे बातम्या लागतात. ब्रूमला ओहोटीच्या तळापासून भरतीच्या माथ्यापर्यंत नऊ-दहा मीटरचा फरक पडतो. तीन मजली घर. त्या किनाऱ्याबाहेर समुद्राचा तळ फार दूरपर्यंत उथळ आहे, त्यामुळे येणारं पाणी फुगून वर चढतं. सकाळी बोट तरंगताना बघितली आणि जेवून परत आलो तर ती बोट चिखलात कलंडलेली, आणि पाणी कुठे गेलं ते डोळे बारीक करून शोधावं लागतं.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास तिथे भरती दुपारी आणि मध्यरात्री येते, ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी. आता गंमत बघा. गाव एका भूशिरावर. पश्चिमेला केबल बीच, बावीस किलोमीटर लांब पांढरी वाळू. पूर्वेच्या अंगाला रोबक बे, तिथे चिखल. पौर्णिमेला संध्याकाळी पाणी मागे गेलेलं असतं, चिखलात मैलभर डबकी साचलेली असतात, आणि समोरून चंद्र वर येतो. प्रत्येक डबक्यात त्याची एक पट्टी, मधे चिखलाची काळी पट्टी, असं एकावर एक. त्याला 'चंद्राचा जिना' म्हणतात. मार्च ते ऑक्टोबर, दर पौर्णिमेच्या आसपास दोन-तीन रात्री. टाऊन बीचवर त्या रात्री बाजार भरतो, खायच्या गाड्या लागतात. माझा सल्ला, पौर्णिमेचा नाही, दुसऱ्या दिवसाचा जिना धरा. चंद्र पाऊण-एक तास उशिरा उगवतो, तेवढ्यात केबल बीचवरचा सूर्यास्त बघून गाडीने इकडे येता येतं. आणि अंधारही दाट पडलेला असतो.

गुडघ्यांचं म्हणाल तर काळजी नको. जिना बघायला पायऱ्या नाहीत. काठावर हिरवळ आहे, बाकं आहेत, सतरंजी घेऊन बसायचं.

आता मी तिथे कशासाठी गेलो ते सांगतो. बटणासाठी. हसू नका. वडिलांच्या काळी आमच्याकडे चांगल्या सदऱ्याला शिंपल्याची बटणं लागायची. कपडा फाटला तरी बटणं काढून डब्यात ठेवायची, ती पुढच्या सदऱ्याला. खऱ्या शिंपल्याचं बटण ओळखायची खूण म्हणजे ते ओठाला लावायचं. कितीही उकडत असलं तरी गार लागतं. आणि उलटं करून बघितलं की पाठीला बऱ्याचदा तपकिरी साल राहिलेली असते. प्लास्टिकचं दोन्ही बाजूंनी सारखंच गोरं.

तर जगातला हा शिंपला एकेकाळी मुख्यतः ब्रूमहून निघायचा. ब्रूम मोत्यांचं गाव म्हणून नाव झालंय, पण जुना धंदा मोत्यांचा नव्हताच, शिंपल्याचा होता. मोती सापडला तर वरकड. पिंक्टाडा मॅक्सिमा नावाचा शिंपला, जेवायच्या ताटलीएवढा होतो. तिथे एका दुकानात अर्धा शिंपला हातात दिला, बटणं कापून घेतलेला. कडेकडेने एकाला एक खेटून गोल भोकं पाडलेली. कारागिराने कणभर जागा वाया जाऊ दिली नव्हती. मधल्या जाड भागातून मोठी बटणं, कडेच्या पातळ भागातून लहान. आमचा कटिंग मास्तर कापडाच्या थानावर पॅटर्न बसवतो ती हीच अक्कल. मी तो शिंपला इतका वेळ फिरवून फिरवून बघत बसलो की दुकानातल्या बाईने खुर्ची आणून दिली.

गावाची स्थापना 1883 ची. 1910 च्या सुमारास तिथे चारशेच्या आसपास 'लगर' बोटी होत्या, म्हणजे शिडाच्या, शिंपले काढायच्या. जगातलं सगळ्यात मोठं शिंपल्याचं बंदर. पण बोटीवर माणसं कोण? सुरुवातीला तिथल्या मूळ रहिवाशांना जबरदस्तीने बुडवायचे, अंगावर काही साधन नाही, बायकांनाही सोडलं नाही. बायकांना या कामाला लावू नये असा कायदा 1871 साली करावा लागला, यावरून समजा. रोबक बेच्या काठावर गरोदर पाणबुडी बाईचा पुतळा आहे, हातात शिंपला धरून पाण्यातून वर येणारा. तो चुकवू नका. पुढे तांब्याचं शिरस्त्राण आणि हवेची नळी आली, मग जपानी, मलायी, फिलिपिनो, तिमोरकडचे असे करारावर आणलेले लोक आले. 1901 साली ऑस्ट्रेलियाने गोऱ्यांशिवाय कोणी नको असा कायदा केला, पण शिंपल्याच्या धंद्याला त्यातून सूट ठेवावी लागली, कारण हे काम करायला गोरा मिळत नव्हता. 1912 मध्ये हट्टाने इंग्लंडहून आरमारातले पाणबुडे आणून बघितले. प्रयोग फसला, एक जण तर जिवाला मुकला.

जपानी दफनभूमीत जा. नऊशेच्या वर माणसं तिथे पुरलेली आहेत. थडगी त्याच किनाऱ्यावरच्या ओबडधोबड दगडाची, लालसर, काळपट, त्यावर जपानी अक्षरं कोरलेली. खोलवर दाबाखालची हवा श्वासात घेऊन माणूस घाईने वर आला की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. अंग लुळं पडतं, नाहीतर मरतो. एकट्या 1914 सालात असे 33 जण गेल्याचं तिथल्या फलकावर लिहिलंय. 1908 च्या चक्रीवादळात बुडालेल्यांचा वेगळा स्तंभ आहे. शेजारीच चिनी आणि मुस्लिम दफनभूमी. तिथून आलं की रॉबिन्सन स्ट्रीटवरच्या ब्रूम म्युझियममध्ये जा, शिडं शिवायच्या जुन्या शेडसह आहे ते. पाणबुड्याचा पूर्ण पोशाख उभा केलाय, बुटाला शिशाचे तळवे. मी मात्र त्या कॅनव्हासची शिवण बघत होतो. दुहेरी दुमड, आणि टाका इतका जवळजवळ की सुईला जागा कशी मिळाली कोण जाणे. पाणी आत आलं तर माणूस मेला, अशी ती शिवण.

उंटावर बसलो नाही. सूर्यास्ताला एकामागोमाग एक पंचवीस उंट जातात, लांबून बघायला छान दिसतात आणि फुकट दिसतात.

स्पष्ट_बोलू

काका राग मानू नका, पण एवढे पैसे घालून ऑस्ट्रेलियाला जायचं आणि कबरी बघायच्या? वहिनींना विचारा आधी. सिडनी, गोल्ड कोस्ट, मेलबर्न करा, नातवाला समुद्र दाखवा. चिखल हवा असेल तर पावसाळ्यात आपली जुळे सोलापूरची गल्ली आहेच.

कात्रीवाला

जुळे सोलापूरच्या गल्लीत डायनासोरचे ठसे नाहीत ना भाऊ. (सापडले तर कळवा, महापालिका लगेच पेव्हर ब्लॉक घालेल.)

ब्रूमला आहेत. गँथोम पॉइंटला, लाल खडकाच्या पायथ्याशी, सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वीचे. तीन बोटांचे. फक्त अगदी खालच्या ओहोटीला उघडे पडतात, एरवी पाण्याखाली. विजापूररोडकर साहेब, वहिनींना खाली उतरवू नका, खडक निसरडे आणि वेडेवाकडे आहेत. वर कड्यावरच ठशांचे सिमेंटचे साचे करून ठेवलेत, ते बघितले की झालं. तिथेच खडकात एक छोटं कुंड आहे, भरतीच्या पाण्याने भरणारं. पूर्वीच्या दीपगृहाच्या राखणदाराने संधिवात झालेल्या बायकोसाठी ते बांधलं म्हणतात. गुडघेदुखीवाल्या नवऱ्यांनी नोंद घ्यावी.

माळरानी_नान्नज

पक्ष्यांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी ब्रूमला पक्षी बघायलाच गेलो होतो. गावापासून पंचवीसेक किलोमीटरवर रोबक बेच्या काठी ब्रूम पक्षी वेधशाळा आहे, 1988 पासून. ज्या चिखलाला जावईबापू नाकं मुरडतात त्यात किडे, शंख, शिंपल्या खच्चून भरलेल्या आहेत, म्हणून हजारो किनारपक्षी तिथे उतरतात. ग्रेट नॉट, बार-टेल्ड गॉडविट, कर्ल्यू. हे मार्च-एप्रिलमध्ये उठतात, चीन-कोरियामधल्या पिवळ्या समुद्राच्या काठी थांबून पोटं भरतात आणि पार सैबेरियापर्यंत जाऊन अंडी घालतात. हिप्परग्याच्या तलावावर हिवाळ्यात येणारे पट्टेरी हंस जसे हिमालय ओलांडून येतात, तसाच हा प्रकार, फक्त रस्ता वेगळा.

जुलै-ऑगस्टला गेलात तर मोठे थवे नसतील. पहिल्या वर्षाची पिल्लं तेवढी मागे राहतात, कारण त्यांचं अंडी घालायचं वय झालेलं नसतं. तरी बघायला पुष्कळ आहे. एक युक्ती. ओहोटीला पक्षी चिखलात दूरवर पांगतात, दुर्बिणीतही ठिपके दिसतात. भरती चढायला लागली की पाणी त्यांना ढकलत ढकलत काठावर आणतं. त्यामुळे पक्ष्यांसाठी भरती आणि बाकी सगळ्यासाठी ओहोटी धरा. नान्नजला माळढोकासाठी आम्ही दिवस दिवस उन्हात बसायचो आणि रिकाम्या हाताने परत यायचो. त्या मानाने इथे समुद्रच पक्षी आणून देतो.

विजापूररोडकर

मंडळी, मनापासून धन्यवाद. एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. लेकीशी बोललो. ती म्हणते नाताळ रद्द करून जून-जुलै-ऑगस्टमध्ये या, शाळेला जुलैत दोन आठवडे सुट्टी असतेच. पण आमच्याकडे अडचण अशी की सौभाग्यवतींची आषाढी चुकत नाही. माहेर पंढरपूरजवळचं, लग्नाआधीपासूनचा नेम. एकादशीनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी गुरुपौर्णिमा, तेवढ्यात पंढरपूरहून निघून ब्रूमला पोचणं काही जमायचं नाही. मग कुठली पौर्णिमा धरू?

आणि महायुद्धातल्या हल्ल्यातली ती पाण्यातली विमानं, त्यांचं काय आहे? त्याबद्दल कोणीच लिहिलं नाही.

माहेर_गुहागर

अहो भाऊ, प्रश्नातच उत्तर आहे. गुरुपौर्णिमा चुकली तर पुढची नारळी! ऑगस्टात येते, तिकडे कोरडाच हंगाम. आमच्याकडे त्या दिवशी समुद्राला नारळ वाहतात. वहिनींना सांगा, आषाढी पंढरपूरला आणि नारळी पौर्णिमा ब्रूमला. नारळ मात्र तिथल्याच दुकानातून घ्या, इथून नेऊ नका, विमानतळावरच काढून घेतील.

सोलापूरकरांसाठी एक सूचना. भरती-ओहोटी रोज एकाच वेळेला नसते, दररोज पाऊण-एक तास पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगेच्या दिवसांत गेलात तर ना पाणी नीट भरणार ना नीट ओसरणार, मग जिनाही नाही आणि ठसेही नाहीत. कालनिर्णय घेऊन बसा, पण तासा-मिनिटांसाठी तिथलं भरतीचं कोष्टक बघा. आणि कोणी कितीही म्हटलं तरी ओहोटीला एकटे दूर चालत जाऊ नका. सपाट किनाऱ्यावर पाणी परत येतं ते समोरून येत नाही, आजूबाजूच्या खोलगट जागा आधी भरत येतं. माणूस पुढे बघत राहतो आणि पाठीमागे वाट बंद होते. आमच्या खाडीत हे लहानपणापासून शिकवतात.

कात्रीवाला

गुहागरच्या ताईंनी लाख मोलाचं सांगितलं. विमानांसाठी तर हे फारच लक्षात ठेवा.

3 मार्च 1942. जपान्यांनी जावा बेट घेत आणलं होतं, तिथून डच कुटुंबं समुद्रावर उतरणाऱ्या विमानांनी, म्हणजे फ्लाइंग बोटींनी पळून ब्रूमला येत होती. इंधन भरायचं आणि पुढे जायचं. त्या सकाळी रोबक बेमध्ये अशी पंधरा विमानं उभी होती, बरीच बायकापोरांनी भरलेली. ओहोटीमुळे माणसांना काठावर आणणं अवघड, म्हणून रात्री ती विमानातच झोपली होती. सकाळी साडेनऊच्या सुमारास नऊ जपानी लढाऊ विमानं आली. लोक बॉम्ब पडले म्हणतात, पण बॉम्ब नव्हतेच, मशीनगन आणि तोफांच्या गोळ्या होत्या. तासाभरात बंदरातली आणि धावपट्टीवरची मिळून 22 विमानं गेली, निदान 88 माणसं मेली. नक्की आकडा कोणालाच सांगता येत नाही, कारण विमानात कोण कोण बसलं होतं याची यादीच नव्हती. विचार करा, ज्या गावात जपान्यांची एवढी मोठी दफनभूमी, तिथे हे. गावातल्या जिवंत जपान्यांना तोवर छावणीत नेऊन ठेवलेलं होतं.

त्या विमानांचे सांगाडे अजून चिखलात आहेत. वर्षातल्या मोजक्याच, अगदी खोल ओहोटीच्या दिवशी उघडे पडतात. टाऊन बीचकडून चिखल तुडवत किलोमीटरभराच्या वर चालावं लागतं आणि पाणी फिरायच्या आत परत यावं लागतं. मी गेलो तो माहीतगार माणसांच्या घोळक्याबरोबर. इंजिन ओळखू येतं, पंख्याचा दांडा ओळखू येतो, बाकी शेवाळ आणि कालवं. हात लावायचा नाही, संरक्षित जागा आहे. तुम्ही जा, वहिनींना काठावरच्या कॅफेत बसवा.

त्याच दिवसाची हिऱ्यांचीही गोष्ट आहे. जावाहून येणारं एक प्रवासी विमान जपान्यांनी ब्रूमच्या उत्तरेला कार्नोट बेच्या किनाऱ्यावर पाडलं. वैमानिकाकडे हिऱ्यांचं पाकीट दिलेलं होतं. ते पाण्यात गेलं. जॅक पामर नावाच्या किनाऱ्यावर भटकणाऱ्या माणसाला नंतर ते सापडलं. त्याने मूठभर हिरे सैन्याकडे आणून दिले, बाकीचे कुठे गेले ते आजतागायत पूर्ण कळलेलं नाही. खटला झाला, तो सुटला. गावात हा विषय काढा, प्रत्येकाकडे वेगळा जबाब मिळेल.

संध्याकाळ मोकळी असेल तर चायनाटाऊनमधलं सन पिक्चर्स. 1916 पासून चालू असलेलं उघड्यावरचं सिनेमाघर. पुढे पडदा, वर आभाळ, बसायला कॅनव्हासच्या आरामखुर्च्या. पूर्वी उधाणाचं पाणी आत शिरायचं आणि लोक पाय वर घेऊन सिनेमा बघायचे, नंतर बांध घातला. विमानतळ अगदी गावात आहे, त्यामुळे ऐन प्रसंगात डोक्यावरून विमान जातं आणि संवाद ऐकू येत नाही. कोणी कुरकुर करत नाही. पण हेही लक्षात असू द्या की त्याच थिएटरात कैक वर्षं गोऱ्यांच्या जागा वेगळ्या, आशियाईंच्या वेगळ्या, आणि मूळ रहिवाशांना तर दारसुद्धा वेगळं होतं.

शिंपल्याचा धंदा नंतर कसा बसला ते आमच्या व्यवसायात सगळ्यांना माहीत आहे. 1950 नंतर प्लास्टिकची बटणं आली, खलास. ब्रूम वाचलं ते मोत्याच्या शेतीमुळे. 1956 मध्ये कुरी बेला पहिलं शेत सुरू झालं, जपानी तंत्रावर. आता विली क्रीकला शेत दाखवतात, गावापासून अडतीस किलोमीटर. शिंपला कसा उघडतात, त्यात मणी कसा बसवतात ते बघण्यासारखं आहे. शेवटी दुकानात नेतात हे सांगायला नकोच. वहिनींना घेऊन जाणार असाल तर त्यासाठी मनाची आणि खिशाची तयारी ठेवा. मी जुन्या शिंपल्याची चार बटणं घेतली आणि बाहेर पडलो.

विजापूररोडकर

ठरलं. आषाढी करून निघायचं, नारळी पौर्णिमा ब्रूमला, मध्ये पर्थ. जावईबापूंना हा धागा पाठवलाय. "विमानांचं मला माहीत नव्हतं" एवढंच उत्तर आलं. म्हणजे येतात ते.

शेवटचं, खाण्याचं. शेंगाचटणी आणि कडक भाकरी नेल्या तर चालतील का? तिकडे तपासणी कडक असते म्हणे.

पर्थकर_मूळ_पंढरपूर

काका, नियम एकच. विमानात जो फॉर्म देतात त्यावर खायचं सामान आहे का विचारलेलं असतं, तिथे 'हो' लिहायचं. मग अधिकारी पिशवी उघडून बघतो, चालणारं असेल तर सोडतो, नसेल तर काढून टाकतो, दंड नाही. 'नाही' लिहिलं आणि सापडलं तर दंड जबरी. चटणी आणि भाकरी पॅकबंद आणा, वर इंग्रजीत नाव लिहिलेलं लेबल असू द्या. कच्चे शेंगदाणे, बी-बियाणं, फळं, कढीपत्ता, घरचं तूप यांच्या नादी लागू नका. मध तर अजिबात नको, इथे पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्यात तो देशाच्या दुसऱ्या राज्यातूनही आणू देत नाहीत, मधमाश्यांच्या रोगांमुळे.

ब्रूमला शाकाहारी मिळतं, पण पर्याय कमी आणि महाग. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, तांदूळ-डाळ तिथल्या सुपरमार्केटात मिळते. जुलै-ऑगस्ट हा तिकडचा ऐन हंगाम, पौर्णिमेच्या रात्रींच्या खोल्या कित्येक महिने आधी भरतात. आषाढीची वाट बघत बसू नका, खोली आजच लेकीला बघायला सांगा.